दाराबाहेरचं काम

अँजिओप्लास्टी सुरळीत झाली तर साधारण तासाभरात आटोपते. बायपासला चार ते सहा तास लागतात. घरच्यांच्या लेखी मात्र हे प्रकरण एवढ्यात संपत नाही. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) पॉझिटिव्ह आल्याचं कळतं तेव्हापासून आई किंवा बाबा पुन्हा सकाळी एकटे फिरायला बाहेर पडू लागतात तोपर्यंत मुलगा, मुलगी, सून, जावई कुठल्या ना कुठल्या दाराबाहेर थांबलेले असतात. ओपीडीच्या, कॅथलॅबच्या, आयसीयूच्या आणि बिलिंगच्या. या थांबण्याबद्दल आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: धीर धरा, देवाचं नाव घ्या. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. दाराबाहेरच्या माणसाला नेमकी कामं असतात आणि त्यांतली काही रुग्णाच्या जिवाशी निगडित असतात. ती कोणती, हे या प्रकरणात पाहू.

घाई कधी, सवड कधी

पहिलं काम वेळ ओळखण्याचं. ईसीजीवर मोठा झटका दिसत असेल तर हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि मिनिटागणिक तिथला स्नायू मरत असतो. बंद पडलेली रक्तवाहिनी तातडीने उघडणं हाच त्यावरचा उपचार. रुग्ण कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात ती खोली) असलेल्या रुग्णालयात पोचल्यापासून दीड तासाच्या आत ती उघडावी, असं जगभरचे डॉक्टर धरून चालतात. इथे ‘काकांना विचारून सांगतो’ किंवा ‘पुण्याहून ताई आली की ठरवू’ याला जागा नाही. सही करायची आणि बाजूला व्हायचं. जवळपास कॅथलॅब नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन रुग्णाला पुढे पाठवतात. डॉक्टरांनी ते सुचवलं तर तेही वेळ न दवडता घ्यायचं.

याउलट, जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं आणि कित्येक महिने त्रास तेवढाच आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत सवड असते. ‘इस्केमिया’ नावाच्या अभ्यासात भारतासह ३७ देशांतले पाच हजारांहून अधिक असे स्थिर रुग्ण होते. अर्ध्यांना औषधांबरोबर लवकर अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त औषधं. २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा मृत्यू आणि झटके यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. ज्यांना छातीत वारंवार दुखायचं त्यांना मात्र प्रक्रियेनंतर जास्त आराम पडला. डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले आणि हृदयाचं पंपिंग फार कमी झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे: ‘यातून त्यांचा त्रास कमी होणार आहे, की आयुष्य वाढणार आहे, की दोन्ही?’

दुसरा प्रश्न मधुमेह असलेल्यांसाठी. मधुमेह आणि एकाहून अधिक रक्तवाहिन्यांत अडथळे, असं असेल तर बायपासचा पर्याय आवर्जून विचारावा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ या अभ्यासात अशा रुग्णांना स्टेंटपेक्षा बायपासचा दीर्घकाळ फायदा झाला. मेंदूच्या झटक्याचं प्रमाण मात्र बायपासच्या गटात थोडं जास्त होतं. ‘छाती फाडायची नाही’ या भीतीपोटी तीन-चार स्टेंट घालून घेणारी घरं पुष्कळ आहेत. भीती खरी आहे, पण निर्णय तिच्यावर सोपवू नये.

दार अर्धवट उघडतं तेव्हा

अँजिओग्राफीच्या दिवशी एक क्षण हमखास येतो. कॅथलॅबचं दार अर्धवट उघडतं, ‘अमुक अमुकचे नातेवाईक कोण?’ असा पुकारा होतो. आत एका स्क्रीनवर करड्या पार्श्वभूमीवर काळ्या, फांद्या फुटलेल्या रेघा हलत असतात. डॉक्टर एका ठिकाणी बोट ठेवतात, तिथे रेघ धाग्याएवढी बारीक झालेली असते. ‘नव्वद टक्के ब्लॉकेज आहे. पेशंट टेबलवर आहेच, आत्ताच करून घेऊ या का?’ बाबा आत झोपलेले, हाती पाच मिनिटं, खर्चाचा आकडा पहिल्यांदाच ऐकलेला. घाबरलेला माणूस अशा वेळी बहुतेक हो म्हणतो.

झटका आलेला असेल तर हो म्हणणंच योग्य. रुग्ण स्थिर असेल तर मात्र या प्रश्नाचं उत्तर आदल्या दिवशी घरी ठरवून ठेवायचं असतं, तेही बाबांना समोर बसवून. शरीर त्यांचं आहे, शुद्धीवर तेच आहेत, संमतीही त्यांचीच. एकच अडथळा निघाला आणि तो सोपा असेल तर लगेच करायचं का? दोन-तीन निघाले तर थांबून अँजिओग्राफीची सीडी दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो एखाद्या हृदयशल्यचिकित्सकालाही, दाखवायची का? हे ठरलेलं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं की दाराशी गोंधळ होत नाही. दुसरं मत घेणं हा डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत तो हक्क आहे, आणि मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे.

लपवलेल्या गोळ्या

भरती होताना रेसिडेंट डॉक्टर विचारतात, ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ आई म्हणते, ‘एक बीपीची, एक शुगरची.’ घरी तिच्या उशाशी असलेला प्लॅस्टिकचा डबा उघडला तर त्यात गुडघेदुखीसाठी मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या निघतात, शेजारच्या काकूंनी सुचवलेलं चूर्ण निघतं आणि जुन्या डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी दिलेली, पण दोन वर्षं चालू राहिलेली एखादी पट्टीही. तिच्या लेखी ही ‘औषधं’ नसतात. त्यामुळे ती लपवते असंही नाही, सांगायचं तिला सुचत नाही.

डॉक्टरांना मात्र ते हवं असतं, आणि त्याला कारण आहे. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त डाय सोडतात. तो किडनीवाटे बाहेर पडतो. वेदनाशामक गोळ्यांनी किडनी आधीच दमलेली असेल तर हा डाय तिला जड जातो. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवायची का आणि किती दिवस, हे किडनीच्या स्थितीवर ठरतं. उपाशीपोटी राहायचं असेल त्या सकाळी इन्सुलिन घ्यायचं की नाही, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काय करायचं, हे नेमकं विचारून लिहून घ्यावं. पूर्वी एखाद्या औषधाचा किंवा डायचा पुरळ, सूज, दम असा त्रास झाला असेल तर तो फाइलच्या पहिल्याच पानावर दिसला पाहिजे. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे तो आख्खा डबाच रुग्णालयात घेऊन जाणं.

आत काय चाललेलं असतं

हृदयात नळी घालता येते, हे १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःवरच करून दाखवलं. हाताच्या शिरेतून नळी आत सरकवत तो चालत एक्स-रे विभागात गेला आणि नळी हृदयापर्यंत पोचल्याचा फोटो काढून घेतला. त्या वेळी त्याच्या वाट्याला बोलणीच आली, नोबेल मिळायला १९५६ उजाडलं. पुढे आंद्रेआस ग्रुंटझिगने स्वतःच्या स्वयंपाकघरात फुगे तयार करून पाहिले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा फुग्याने उघडला. फुगा काढल्यावर वाहिनी पुन्हा आवळू नये म्हणून १९८६ पासून धातूची बारीक जाळी बसवू लागले. आपल्याकडे तिला कुणी स्टेंट म्हणतं, कुणी स्प्रिंग.

आज ही नळी बहुधा मनगटातून, कधी जांघेतून घालतात. तेवढीच जागा बधिर करतात आणि रुग्ण जागा असतो. ही एक गोष्ट आईबाबांना आधी सांगितली की निम्मी भीती जाते. आपल्याला गुंगीत टाकून पोट-छाती कापणार, अशी अनेकांची समजूत असते. त्यांना सांगावं की डाय सोडल्यावर अंगभर गरम लाट आल्यासारखं होईल, फुगा फुगवताना छातीत थोडं दुखेल, ते आत सांगायचं, सहन करत गप्प राहायचं नाही.

बाहेर आल्यावर मनगटावर पारदर्शक पट्टा दिसतो. त्यात हवा भरलेली असते. सिस्टर दर थोड्या वेळाने सिरिंजने त्यातली हवा जराजरा काढते आणि रक्त झिरपतंय का ते पाहते. दाब वाटला म्हणून बाबा तो पट्टा सैल करायला जातात; तिथे नजर ठेवणं हे तुमचं काम. जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं असतं. तिथे सूज, ओलसरपणा किंवा पाय गार पडल्यासारखा वाटला तर बेल दाबायची. पाणी किती प्यायचं ते विचारून घ्यावं. डाय निघून जावा म्हणून बहुतेकांना भरपूर प्यायला सांगतात, पण हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांना मोजूनच.

बायपासचं गणित निराळं. इथे पायातली शीर आणि छातीच्या आतल्या भिंतीलगतची धमनी वापरून अडथळ्याच्या पुढे रक्ताला नवी वाट करून देतात. पायातली शीर वापरून होणारी ही शस्त्रक्रिया रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यचिकित्सकाने १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुजवली. सकाळी आठला आत नेलेल्या माणसाची दहा वाजेपर्यंत काहीच खबर नसते आणि बाहेरच्यांचा धीर सुटतो. खरं तर तेव्हा शस्त्रक्रिया नुकती सुरू झालेली असते. भूल देणं, नळ्या घालणं यातच तास-दीड तास जातो. शेवटी छातीचं हाड तारेने सांधणं आणि रक्तस्राव थांबल्याची खात्री करणं यालाही वेळ लागतो. उशीर म्हणजे काहीतरी बिघडलं, असं धरून चालू नये.

पहिल्यांदा आयसीयूत भेटायला जाणाऱ्याने मनाची तयारी ठेवावी. चेहरा सुजलेला, तोंडात व्हेंटिलेटरची नळी, छातीतून निघालेल्या नळ्या खालच्या बाटल्यांत उतरलेल्या, मानेत सलाइन. नळीमुळे बोलता येत नाही आणि ती ओढू नये म्हणून हात कधी सैलसे बांधलेले असतात. हे सगळं त्या दिवशी अपेक्षितच असतं. हात धरावा, आपलं नाव सांगावं, ‘ऑपरेशन झालं, सगळं ठीक आहे, नळी उद्या-परवा निघेल’ एवढं सावकाश बोलावं. रडू येणार असेल तर ते दाराबाहेर.

वयस्क रुग्णांना बायपासनंतर दोन-तीन दिवस भ्रम होऊ शकतो. आयुष्यभर शांत असलेले बाबा संध्याकाळी डोळे मोठे करून सांगू लागतात, ‘हे लोक मला मारायला टपलेत, मला घरी ने.’ मुलं हादरतात. असं झालं तर लगेच सिस्टरला सांगावं, कारण त्यामागे कधी संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता किंवा औषधाचा परिणामही असतो. बहुतेकांचं हे काही दिवसांत निवळतं. वाद घालू नये. आज वार कोणता, वेळ काय, आपण कुठे आहोत, हे पुन्हा पुन्हा सांगावं. चष्मा आणि कानाचं यंत्र शक्य तितक्या लवकर परत द्यावं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा गोंधळ दुप्पट होतो.

बाकावरची व्यवस्था

बाहेर आठ माणसं बसली म्हणून रुग्णाला आठपट आधार मिळत नाही. डॉक्टर राउंडला आले की मोठा मुलगा एक विचारतो, मेहुणा तेच दुसऱ्या शब्दांत विचारतो, संध्याकाळपर्यंत घरात डॉक्टरांच्या बोलण्याच्या तीन आवृत्त्या फिरू लागतात. त्यामुळे डॉक्टरांशी बोलणारा एकच माणूस ठरवावा. त्याने छोटी वही ठेवावी: कोण आलं, काय म्हणालं, पुढची तपासणी कधी. दुसऱ्याने फाइल, विमा, बिलं पाहावीत. तिसऱ्याने घर, डबा आणि पाहुणे. फॅमिली ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ एकेक मेसेज टाकला की फोनचा मारा आटोक्यात येतो. मनुष्यबळ कमी असेल तर दोघांत वाटून घ्यावं, पण रात्रपाळी रोज एकाच माणसाच्या वाट्याला येऊ देऊ नये.

भेटायला येणाऱ्यांना नम्रपणे अडवणं हेही एक कामच. ‘आमच्या साडूचं असंच झालं होतं आणि मग…’ अशी सुरुवात करणारा पाहुणा आईच्या खाटेपर्यंत पोचता कामा नये. बाहेर बसलेली आई किंवा बाबा, म्हणजे रुग्णाचा जोडीदार, याच्याकडे विशेष लक्ष हवं. त्यालाही बीपी असतं, मधुमेह असतो आणि या धावपळीत त्याच्याच गोळ्या चुकतात.

मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत थांबणं जास्त कठीण. परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. अशा रुग्णालयांत विदर्भ-मराठवाड्यापासून लोक येतात आणि नातेवाईक व्हरांड्यात सतरंजी टाकून राहतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटावं. धर्मशाळा, जेवण, मदत देणारे ट्रस्ट यांची माहिती त्यांच्याकडे असते.

पैशाची बाजू

पैशाबद्दल भरती होतानाच विचारण्यात कमीपणा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि आज राज्यभर लागू आहे. अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही तिच्यात बसतात. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो; रेशनकार्ड आणि आधार घेऊन प्रक्रियेआधी त्याला गाठायचं. मंजुरी आधी लागते, नंतर धावून उपयोग होत नाही. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. बाहेरून पंचतारांकित दिसणारी काही रुग्णालयंही यात मोडतात, तेव्हा विचारून पाहावं.

स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आणली. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवलेली हवी. स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये लावून मागावा, पुढच्या डॉक्टरांनाही तो उपयोगी पडतो. कॅशलेस विमा असेल तर २०२४ च्या नियमांनुसार विमा कंपनीने भरतीच्या वेळची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असते. टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीशी हा नियम माहीत असलेला माणूस उभा असणं बरं.

घरी आल्यावर

डिस्चार्ज मिळाला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण पुढचे दोन महिने काम तितकंच असतं. स्टेंट बसवलेल्या माणसाला ॲस्पिरिनबरोबर गुठळी रोखणारी आणखी एक गोळी काही महिने, झटक्यानंतर बहुधा वर्षभर घ्यावी लागते. ती मधेच थांबली तर स्टेंटच्या आत गुठळी होऊन थेट झटका येऊ शकतो. दात काढायचा आहे, मोतीबिंदू करायचा आहे, कुणीतरी ‘पाच दिवस गोळी बंद ठेवा’ म्हणतं. हृदयरोगतज्ज्ञांना फोन केल्याशिवाय एकही दिवस बंद ठेवायची नाही.

बायपासनंतर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर पाण्याची बादली, नातवंड, सूटकेस काहीही उचलायचं नाही. स्कूटर चालवायची नाही. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तोंडाला लावून श्वास आत ओढायचा. पहिल्या दिवशी एकच चेंडू कसाबसा हलतो, बाबा वैतागून यंत्र बाजूला ठेवतात. फुप्फुसाचा तळ उघडा राहावा आणि तिथे कफ साचून न्यूमोनिया होऊ नये म्हणून ते दिलेलं असतं, हे एकदा समजावलं की तेच दुपारी दुसरा चेंडू वर गेल्याचं हाक मारून दाखवतात.

ज्या पायातून शीर काढली तो सुजतो. बसताना तो उंचावर ठेवावा. काही आठवडे भूक मंदावते, झोप उडते, मन उदास होतं. कर्ता माणूस टीव्हीसमोर गप्प बसून राहतो. हे पुष्कळांना होतं आणि ओसरतं. महिनाभरात ओसरलं नाही तर डॉक्टरांना सांगावं. लोणचं-पापड आणि वरून मीठ बंद, विडी-तंबाखू कायमची बंद, चालणं रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. पण पहारेकरी होऊ नये. ‘हे खाऊ नका, तिकडे जाऊ नका’ असं दिवसभर ऐकणारा बाप रुग्णच राहतो. रोज सकाळचं वजन आणि बीपी त्यांचं त्यांनाच वहीत लिहू द्यावं.

दोन-तीन दिवसांत वजन एकदम दोन किलोंनी वाढलं, दम लागू लागला, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी येऊ लागलं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयाला कळवावं. छातीत पुन्हा तसंच दुखलं आणि थांबलं नाही तर १०८ ला फोन करावा. रिक्षा शोधत बसू नये.

यातलं बरंचसं दाराशी उभं राहून सुचत नाही. म्हणून घरात साठीपुढचं माणूस असेल तर आजच एक कागद करा: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, ॲलर्जी, जुने आजार, जवळच्या कॅथलॅब असलेल्या रुग्णालयाचा नंबर, विमा किंवा योजनेचे तपशील, आणि आईबाबांना काय हवं, काय नको, हे त्यांच्याच शब्दांत. त्याची एक प्रत फ्रीजवर लावा आणि एक फोटो प्रत्येक भावंडाच्या फोनमध्ये ठेवा.